उन्हाची वाटणी

माडांच्या बागेत शिरलं की माणूस आधी वर बघतो. नारळ किती लागलेत आणि त्यातला एखादा आपल्या डोक्यात तर पडणार नाही ना, असा दुहेरी हिशोब त्या बघण्यात असतो. एकदा उलट करून बघा. भर दुपारी आत जा आणि खाली बघा.

जमिनीवर कवडसे पडलेले दिसतील. बहुतेक सगळे गोल, फार तर जरासे लांबट. आता वर बघा. झावळ्यांमधल्या फटी कशा आहेत? तिकोनी, चिंचोळ्या, दातेरी, फाटक्या. गोल म्हणावी अशी एकही नाही. मग चिंचोळ्या फटीतून निघालेलं ऊन खाली पोचेपर्यंत गोल कसं झालं?

कारण जमिनीवर पडतंय ते फटीचं चित्र नाहीच. ते सूर्याचं चित्र आहे! पानांमधली प्रत्येक बारीक फट म्हणजे एक बिनभिंगाचा कॅमेरा, आणि असे शेकडो कॅमेरे दिवसभर तुमच्या अंगणात सूर्याचे फोटो पाडत असतात. पटत नसेल तर २६ डिसेंबर २०१९ ची सकाळ आठवा. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं आणि कोकणातून सूर्याचा बराच मोठा भाग झाकलेला दिसला. सगळे काळ्या काचा शोधत वर बघत होते. ज्यांनी झाडाखाली उभं राहून खाली बघितलं, त्यांच्या पायाशी शेकडो चंद्रकोरी सांडल्या होत्या. सूर्य कोरीएवढा उरला, म्हणून कवडसेही कोरीसारखे झाले.

आणखी एक गंमत. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे. म्हणून बारीक फटीतून आलेल्या कवडशाची रुंदी मोजा, तिला १०८ ने गुणा. ती फट तुमच्यापासून किती अंतरावर आहे ते कळतं. कवडसा १४ सेंटीमीटर भरला, तर ते ऊन सुमारे १५ मीटरवरच्या फटीतून आलंय. रत्नागिरीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. त्या दिवशी हे अंतर म्हणजेच झाडाची उंची. माडावर न चढता, शाळेतल्या पट्टीनं माड मोजला! (जपमाळेतही १०८ मणी असतात. त्याचा याच्याशी संबंध जोडायचा मोह मी आवरलाय, तुम्हीही आवरा.)

हे सगळं सांगायचं कारण असं, की ज्याला हल्ली ‘फूड फॉरेस्ट’ म्हणतात, म्हणजे खाण्यापिण्याचं रान, ते मुळात या कवडशांवर चालतं. नाव नवं असलं तरी वस्तू आपल्या परसातली आहे. कोकणात तिला वाडी किंवा आगर म्हणतात, गोव्यात कुळागर. सगळ्यात वर माड. त्याच्या खाली पोफळी. माडाच्या आणि पोफळीच्या खोडाला बिलगून वर चढणारी मिरवेल. मधल्या उंचीवर जायफळ, कोकम, एखादा फणस. त्याखाली दालचिनी, केळी. आणखी खाली अननस, आलं, हळद, अळू, आणि जमिनीच्या पोटात सुरण. एका जागी सहा-सात मजले, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी काहीतरी पिकवतंय. चाळीत बिऱ्हाडं असतात तशी.

पण चाळीतली भांडणं पाण्यावरून होतात. इथली व्हायला हवीत उन्हावरून. मग ती होत का नाहीत?

भर दुपारचं ऊन एका पानाच्या गरजेपेक्षा जास्त असतं. पान ते सगळं वापरूच शकत नाही. पंगतीत वाढपी आग्रह करत राहतो आणि आपलं पोट कधीच भरलेलं असतं, तशी पानाची अवस्था होते. माडाच्या झावळीची रचना बघा. सलग पसरट पान नाही, मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना अरुंद पात्या. ऊन या पात्यांमधून झिरपत खाली येतं. माडाला सगळं नकोच असतं.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गरजाच कमी करून घेतल्या आहेत. त्यांची पानं पातळ, रुंद, गर्द हिरवी असतात; अळूचं पान डोळ्यांपुढे आणा. थोडक्या उजेडात त्यांचं भागतं. तरी अळूला किंवा आल्याला दिवसभर मिळणाऱ्या उजेडाचा मोठा वाटा कवडशांतूनच येतो. आता अडचण बघा. कवडसा एका जागी थांबत नाही. वारा आला, झावळी हलली, की गेला. पुन्हा येईल तो दहा सेकंदांनी किंवा दहा मिनिटांनी. असं तुटक-तुटक ऊन पोटात कसं भरायचं?

त्यासाठी पानाची युक्ती आहे. भाकऱ्या करताना पहिली भाकरी वेळ खाते, कारण तवा तापायचा असतो. दुसरी पटकन होते. सावलीतल्या पानावर पहिला कवडसा पडतो तेव्हा त्याचा तवा तापतो. पानाची सूक्ष्म छिद्रं उघडतात, साखर बनवणारी यंत्रणा जागी होते. कवडसा निघून गेला तरी तवा काही मिनिटं गरम राहतो. त्या वेळात दुसरा कवडसा आला, की पान त्याच्यावर लगेच भाकरी टाकतं. विस्तव मधेमधे विझणाऱ्या चुलीवर रोजचा स्वयंपाक उरकणारी ही पानं आहेत.

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. सावली भिंतीची आहे की शेजारच्या झाडाची, हे रोपट्याला कळतं. डोळे नाहीत, तरी कळतं! पानातला हरितद्रव्य नावाचा हिरवा रंग उन्हातला तांबडा आणि निळा प्रकाश पिऊन टाकतो, पण तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गर्द तांबडा प्रकाश तो खाली सोडून देतो. म्हणजे पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा कमी आणि गर्द तांबडा जास्त. भिंत असा भेदभाव करत नाही. तिच्या सावलीत सगळेच रंग सारखे कमी होतात. रोपाच्या अंगात या दोन तांबड्यांचं प्रमाण मोजणारं एक रंगद्रव्य असतं. ऊन आवडणाऱ्या रोपाला गर्द तांबडा वाढलेला जाणवला, की ते समजतं, शेजारी वाढतोय, आणि पानं-मुळं सोडून नुसतं उंच पळत सुटतं. लुकडं, लांबडं, जरा वाऱ्यात लवणारं. दाट लावलेल्या बागेत अशी झाडं आपण पाहिलेली असतात आणि ‘काय फोफावलंय!’ म्हणून कौतुकही केलेलं असतं. ते फोफावणं नसतं. ती धावपळ असते.

बाग आखणं म्हणजे ही धावपळ टाळणं. झाड कोणतं लावायचं हा प्रश्न दुसरा. कोणाला किती ऊन द्यायचं, हा पहिला.

ठीक, वरची वाटणी झाली. पण जमिनीखाली तर मुळांची मारामारी असेल ना? इथे माडाचा पुन्हा एक धक्का आहे. एवढा साठ-सत्तर फुटांचा माड, पण त्याला सोटमूळ नाही. बुंध्याच्या तळातून दोरखंडासारखी मुळं फुटतात आणि त्यांतली बहुतेक फार लांब जात नाहीत. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात हे मोजलं गेलं. माडाची सुमारे ७४ टक्के मुळं बुंध्यापासून २ मीटरच्या आत सापडली, आणि सुमारे ८२ टक्के मुळं जमिनीखाली ३१ ते १२० सेंटीमीटरच्या पट्ट्यात.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन माडांमधलं शिफारशीचं अंतर साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट. एका माडाच्या वाट्याला जमीन आली सुमारे ५६ चौरस मीटर. त्याची बहुतेक मुळं मावली २ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे साडेबारा चौरस मीटरमध्ये. पाव भागाहूनही कमी! तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन माडाच्या नावावर आहे, पण तो तिथे फारसा राहत नाही. आणि जिथे राहतो तिथेही वरची वीतभर माती बऱ्यापैकी मोकळीच सोडतो. आलं-हळदीचे गड्डे नेमके त्या वीतभरात वाढतात. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माडाच्या आगरात हळद लावली जाते. कुणी मुळं मोजून लावली नव्हती, पण लावली बरोबर जागी.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ही मोकळी जागा हिशोबात धरली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावायची पद्धत बसवली गेली आणि तिला नाव पडलं ‘लाखीबाग’, एकराला लाखाचं उत्पन्न देणारी म्हणून. तिची भूमिती मला फार आवडते. एका एकरात १० ओळी, ओळीत ७ माड, झाले ७०. चार माडांचा एक चौकोन, चौकोनाच्या मध्यावर एक जायफळ. असे चौकोन किती? ९ गुणिले ६, म्हणजे ५४. प्रत्येक माडावर दोन मिरवेली सोडल्या तर १४०. राहिलेल्या जागेत दालचिनी, केळी, अननस. भरतकामात टाक्यांच्या मध्ये टाके घालावेत तशी ही आखणी आहे, आणि मूळच्या टाक्यांपैकी एकही हलवावा लागत नाही.

मात्र भूमिती कागदावर थांबलेली असते, बाग थांबत नाही. माड आपल्या आयुष्यात उन्हाशी तीन प्रकारे वागतो. पहिली सात-आठ वर्षं तो लहान. मधली जमीन उन्हात. मग साधारण पंचविशीपर्यंत झावळ्या खालीच असतात आणि बागेत गच्च सावली. हा सगळ्यात कंजूष काळ. पुढे खोड उंच गेलं की ऊन पुन्हा तिरकं आत शिरतं आणि वर्षागणिक वाढत जातं. तरुणपणी कुणाला जवळ उभं न करणारा माणूस म्हातारपणी ऐसपैस होतो, तसाच. माड ८० वर्षंही जगतो. म्हणजे त्याच्या पायाशी काय लावायचं याचं उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतं.

पहिल्या मोकळ्या वर्षांत जायफळाचं कोवळं कलम उन्हात करपून जाईल. त्याला सावली कोण देणार? माड तर स्वतःच मांडीएवढा. इथे केळ कामाला येते. केळीला आपण झाड म्हणतो, पण जमिनीवर तिला खोडच नाही. जे खोड दिसतं ते पानांच्या देठांचे एकात एक गुंडाळलेले थर. कांद्यासारखेच, पण उभे. खरं खोड जमिनीखालचा गड्डा. त्यातून फुलाचा दांडा या थरांच्या मधून सरळ वर चढतो आणि शेंड्याला केळफूल होऊन बाहेर लोंबतो. घड दिला की ती केळ संपते. तोवर बुडाशी मुनवे आलेले असतात. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेला एक जोमदार मुनवा ठेवायचा, बाकीचे काढायचे. अशी आई, लेक, नात जागा न सोडता चालू राहते. झटपट वाढणारी, रुंद पानांची, पाणी धरून ठेवणारी, आणि जायफळ मोठं झालं की उपटून टाकली तरी तक्रार न करणारी. शिवाय जाताना घड देऊन जाणारी. अशी दाई कुठे मिळेल?

आता जुगाराची गोष्ट. जायफळाचं बी रुजवून रोप केलंत, जपलंत, सहा-सात वर्षं पाणी घातलंत. मग एक दिवस फुलं आली. आणि फळ? येईलच असं नाही. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि फूल येईपर्यंत कोण काय आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही! बियांपासून केलेल्या झाडांत साधारण निम्मे नर निघतात. परागासाठी दहा माद्यांमागे एखादा नर पुरतो. बाकीचे नर सात वर्षं फुकट जेवून गेलेले असतात. आपल्या कोकमाचं, म्हणजे रातांब्याचंही हेच. परसात कोकम आहे पण एकदाही रातांबा लागला नाही, असं म्हणणारी माणसं कोकणात गावोगाव भेटतात. झाडात दोष नसतो. तो नर असतो.

यावरचा उपाय कलम. फळ देणाऱ्या मादीचीच फांदी रोपावर बांधली, की झाड काय निघणार हे पहिल्या दिवशी ठरलेलं असतं. जायफळ आणि कोकम लावणार असाल तर कलमंच लावा आणि सोबत एखादं नराचं. बाकी सगळ्या सल्ल्यांत मी तडजोड करीन, यात नाही.

जायफळाला एवढं जपायचं कशासाठी? एकदा पिकलेलं फळ झाडावर बघा, म्हणजे विचारणार नाही. पिवळसर, पेरूएवढं फळ पिकलं की आपोआप उकलतं. आत काळपट तपकिरी बी, आणि बीवर रक्तासारख्या लाल रंगाची जाळी. जाळी ती जायपत्री, आणि बीच्या कवचातला गर ते जायफळ. एका फळात दोन मसाले, वरचं साल लोणच्याला. एकेकाळी हे झाड फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या इंडोनेशियन बेटांवर होतं. त्यातलं रन हे बेट डचांकडे राहिलं आणि इंग्रजांकडे मॅनहॅटन, असा निकाल १६६७ च्या ब्रेडाच्या तहात लागला. तेव्हा डचांना आपणच जिंकलो असं वाटलं असणार. श्रीखंडात जायफळ किसताना मला तरी त्यांची बाजू पटते.

मिरीचं वेगळंच. मिरवेलीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक वर चढणारी, पेरापेरांवर चिकटमुळं असलेली. दुसरी बाजूला फुटणारी, घोस देणारी. वर चढणाऱ्या फांदीचं खुंट लावलंत तर वेल होते. बाजूच्या फांदीचं लावलंत तर तीच मिरी कधी वेल होतच नाही! कुंडीत मावेल एवढं झुडूप होतं आणि त्याला घोस लागतात. जणू फांदीला आपलं आयुष्य कोणतं हे आठवतं आणि तोडून दुसरीकडे लावली तरी ती विसरत नाही. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत मिरी पिकवायची असेल तर ही झुडपी मिरी. वाडीत मात्र वेलच हवी, आणि ती आधाराच्या झाडाच्या उत्तर अंगाला लावायची. कारण पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे महिने सूर्य दक्षिणेकडून तापतो. उत्तरेला झाडाची स्वतःची सावली मिळते.

पोफळीला तर ऊन अक्षरशः लागतं. झाडाच्या खोडाला ऊन भाजतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण पोफळीचं खोड कोवळं असताना पश्चिमेच्या तिरप्या उन्हानं त्यावर पिवळे डाग पडतात, पुढे तिथे चिरा जातात आणि एखाद्या वादळात झाड त्याच ठिकाणी मोडतं. म्हणून सुपारीच्या ओळी सरळ उत्तर-दक्षिण न धरता पश्चिमेकडे ३५ अंश कलवून आखायची शिफारस आहे, आणि नैर्ऋत्येला उंच दाट झाडांचा पडदा. होकायंत्र घेऊन सुपारी लावायची!

झाडं लागली, मजले भरले. आता एवढ्या बिऱ्हाडांना खायला कोण घालणार?

रानाला कोणी खत घालत नाही, कारण रानातला कचरा रानातच राहतो. वाडीतला मात्र आपण झाडून पेटवतो. सकाळी वाडीतून धूर निघताना दिसला की मला कळवळायला होतं. पैसे जाळल्यासारखंच ते. झावळ्या, पातेरा, केळीचे सोप, सगळं झाडांच्या आळ्यांत पसरावं. नारळाची सोडणंही. चर खणून त्यात सोडणं उताणी रचली आणि वर माती लोटली, की ती स्पंजासारखी पाणी धरतात, आणि कुजायला इतकी चेंगट की सहा-सात वर्षं हे काम करत राहतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि जांभ्या दगडाच्या जमिनीतून तो भराभर निथळून जातो. उरलेले आठ महिने या अशाच स्पंजांवर आणि विहिरीवर काढायचे असतात.

पातेऱ्यात एका गोष्टीची टंचाई असते, ती म्हणजे नत्र. हवेत नत्र खच्चून भरलेलं आहे, पण ते झाडाला थेट घेता येत नाही. म्हणून कुंपणाला गिरिपुष्प लावतात. याच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठीत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. एखादी ताजी गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी निघेल. का? या जिवाणूंच्या कामाला मोकळा प्राणवायू सोसत नाही, आणि प्राणवायूशिवाय ते जगतही नाहीत. म्हणून गाठीत प्राणवायू धरून ठेवणारं आणि मोजून-मापून सोडणारं एक लाल द्रव्य तयार होतं. तुमच्या-माझ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते सख्खं नातलग. आपल्या कुंपणाच्या मुळांत रक्तासारखं काहीतरी आहे, आणि आपण कुंपणाला टेकून गप्पा मारतो! गिरिपुष्पाचा पाला छाटून आळ्यात टाकला की ते नत्र जायफळाला पोचतं. या झाडाचं आपल्याकडचं दुसरं नाव उंदीरमारी. त्याच्या ‘ग्लिरिसिडिया’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच, उंदरांना मारणारं.

छाटणीबद्दल थोडं. लोकांना वाटतं, खाण्याचं रान म्हणजे लावा आणि विसरा. चार वर्षं विसरा, मग बघा: वर जाणाऱ्यांनी ऊन लाटलेलं असतं आणि खालचे उपाशी. छाटणी म्हणजे उन्हाची फेरवाटणी. दालचिनी तर छाटणीवरच जगते. मोठं झाड होऊ न देता ती जमिनीलगत तोडतात, मग बुंध्यातून सरळसोट फोक फुटतात आणि त्यांची साल काढतात. सोललेली साल सुकताना आपोआप आत वळते. तुमच्या डब्यातल्या नळीचा आकार त्यातूनच येतो.

आणि शत्रू? माडाचा शेंडा नीट बघत जा. नवी झावळी उलगडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कात्रीनं कापल्यासारखे, एकमेकांशी जुळणारे तिकोनी काप दिसतात. लहानपणी कागदाची घडी घालून कात्रीनं कोपरे कापले, मग उलगडून नक्षी केली, आठवतं? तोच प्रकार आहे. झावळी शेंड्यात मिटलेली होती तेव्हा गेंड्या भुंग्यानं आरपार भोक पाडलं, आणि ती उलगडल्यावर नक्षी झाली. नक्षी दिसली म्हणजे भुंगा काही आठवड्यांपूर्वी येऊन गेला. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो खाल्ला गेला की संपलं. फांदी फुटून पुन्हा उभं राहण्याची सोय त्याच्याकडे नाही. या भुंग्याची पिल्लावळ वाढते आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात. म्हणून खड्डा मधूनमधून उकरायचा आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढायच्या. कोंबड्यांना हे काम मनापासून आवडतं.

वानरांवर मात्र कुणाकडे उत्तर नाही. माडावर चढणारा माणूसही आता फोन करून, विनवण्या करून मिळतो. कोकणातल्या वाड्या ओस पडण्यात उन्हा-पाण्यापेक्षा या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

मजल्यांच्या बागेची ही कल्पना पुढे कुठवर गेली बघा. रॉबर्ट हार्ट नावाच्या इंग्रजानं श्रॉपशरमध्ये आपल्या घरामागे सात थरांची बाग उभी केली आणि पाश्चात्त्य जगात अशा बागांची लाट आली. त्याला वाट दाखवणाऱ्यांत केरळातल्या परसबागा होत्या. पण तिथे अडचण उन्हाचीच. डिसेंबरात भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो. आपल्याकडे कोकणात त्याच दिवशी सुमारे ५० अंश. केरळातली दाटी तिथे जशीच्या तशी चालत नाही, झाडं लांब-लांब ठेवावी लागतात. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ चालवला आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागेल असं गणित मांडलं. त्या गणिताची सुरुवात जमिनीपासून नव्हती. पानांवर रोज किती ऊन पडतं, इथून होती.

तर तुमच्याकडे दोन गुंठे असोत की वीस, लगेच रोपं आणायला जाऊ नका. आधी जमिनीत एक काठी रोवा आणि वर्षभर, महिन्यातून एकदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिची सावली कुठे पडते तिथे खूण करा. बांधावरच्या आंब्याची सावली डिसेंबरात कुठवर येते तेही. पाणी पावसाळ्यात कुठे तुंबतं ते बघा. माडाला तुंबलेलं चालत नाही. मग एप्रिल-मेमध्ये खड्डे खणा, एक मीटर लांब, रुंद आणि खोल, आणि पहिल्या पावसानंतर रोपं लावा. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी धरेल.

लावायच्या दिवशी एक मोह होणार आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो. गुडघाभर दोन रोपांमध्ये २५ फूट मोकळी जमीन बघवत नाही. मध्ये अजून एक माड सहज मावेल असं वाटतं, आणि शेजारीही येऊन तेच सांगतात. दोर ताणा, २५ फूट मोजा, आणि मध्ये केळ लावा. माड लावू नका.